यादीतली पाचवी ओळ

नाव: कु. बुद्धप्रिया धम्मानंद पाईकराव. वय: एकोणतीस. शिक्षण: बी.एस्सी. (संगणकशास्त्र), नांदेड. पदनाम: सहायक व्यवस्थापक, अंतर्गत डिजिटल साधने व निर्णय-साहाय्य. मुख्यालय: लातूर. कर्तव्ये: क्लाउडवरील डेटा वेअरहाऊसच्या आधारे अंतर्गत वापराच्या स्क्रीन तयार करणे, त्या चालू ठेवणे, आणि कंपनीच्या निर्णयप्रक्रियेतून व्यक्तिगत मताचा अंश टप्प्याटप्प्याने कमी करणे. ओळखीची खूण: डाव्या भुवईवर व्रण. शेरा: समाधानकारक.

हे सगळं कंपनीच्या फायलीत आहे आणि सगळं खरं आहे. व्यक्तिगत मताचा अंश कमी करण्याचं काम तर तिने इतकं मन लावून केलं की त्यापायी कंधारच्या एका माणसाची नोकरी जायची वेळ आली. ते फायलीत नाही.

कंपनी सोयाबीनच्या बियाण्याची. लातूरच्या एमआयडीसीत कारखाना, प्रयोगशाळा आणि मुख्य गोदाम. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत तालुक्याच्या गावी मिळून बारा डेपो. डेपो म्हणजे पत्र्याचं शेड, एक कीपर, दोन हमाल आणि कंपनीने दिलेला टॅब, ज्याची काच बहुतेक ठिकाणी कोपऱ्यातून तडकलेली असते. पूर्वी सगळा कारभार रजिस्टरच्या फोटोंवर चालायचा. कीपर पान भरायचा, त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा, आणि त्या फोटोखाली लगेच कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा केक यायचा. कुठला लॉट कुठं आहे हे जनरल मॅनेजर रेवणप्पा साहेबांना तोंडपाठ होतं. साहेब रजेवर गेले की आपलं बियाणं कुठं आहे हे कंपनीला कळत नसे.

मग कंपनीने क्लाउडवर जागा घेतली. प्रयोगशाळेचे निकाल, गाड्यांच्या फेऱ्या, डेपोंचा साठा, शेतकऱ्यांच्या तक्रारी, सगळं एकाच ठिकाणी जाऊन पडू लागलं. नुसतं पडून राहिलं तर त्याचा उपयोग माळ्यावरच्या भांड्यांइतकाच. ज्याला जे हवं ते त्याला समजेल अशा रूपात समोर यावं यासाठी मधे कुणीतरी लागतं. ते काम बुद्धप्रियाचं. ती ते चांगलं करायची. कीपरची बोटं धुळीने माखलेली असतात म्हणून तिने बटणं मोठी ठेवली. किनवटकडे रेंज जाते म्हणून नोंद आधी टॅबमध्येच साठायची आणि रेंज आली की वर जायची. हे कुणी तिला सांगितलं नव्हतं. ती मूळची किनवटचीच.

वडील धम्मानंद तिथे रेल्वेत किमॅन. रोज सकाळी हातोडा आणि पाना घेऊन आपल्या वाट्याचे रूळ पायी तपासत जायचं आणि परत येऊन वहीत लिहायचं, "सर्व ठीक". नोकरी लागल्यावर तिने त्यांना फोनवर आपलं काम समजावून सांगितलं.

"म्हंजी गोदाम हाय, पण त्यात माल न्हाई?"

"मालाची माहिती हाय, बाबा. सगळ्या मालाची."

"आन् माल कोन बगतंय?"

ती हसली होती. बाबाही हसले. त्यांनी सहज विचारलं होतं.

वडिलांचं क्वार्टर रुळांच्या कडेला, शाळेपासून लांब, म्हणून पाचवीपासून बारावीपर्यंत ती किनवटच्याच मुलींच्या वसतिगृहात होती. तिथल्या वॉर्डनबाईंची रजेची एक वही असे. घरी जायची मान्य कारणं दोनच: आजारपण आणि घरातलं लग्न. आईची आठवण येते, हे वहीत बसत नव्हतं. आजारपण लिहिलं तर डॉक्टरकडे नेऊन सुई टोचत. म्हणून मुली लग्न लिहीत. सातवीच्या एका वर्षात बुद्धप्रियाच्या एकुलत्या एक मामाचं चार वेळा लग्न झालं. वर्षअखेरीला वॉर्डनबाईंनी वरच्या ऑफिसला अहवाल पाठवला, त्यात म्हटलं होतं की या भागातलं लग्नांचं प्रमाण चिंताजनक आहे.

हे तिला पुढे योग्य वेळी आठवायला हवं होतं. आठवलं नाही.

तिच्या स्क्रीनपैकी सगळ्यात साधी स्क्रीन होती माल परत पाठवण्याची. डेपोला एखादा लॉट विकायला काढायचा नसेल तर कीपरने लॉटचा नंबर टाकायचा, कारण निवडायचं आणि बटण दाबायचं. कारणं पाच: फाटलेली पोती, भिजलेली पोती, उंदीर, चुकून आलेला माल, आणि पाचवं "इतर". "इतर" निवडलं की पुढे चार शब्द लिहायला एक चौकट उघडायची.

पहिल्या हंगामानंतर रेवणप्पा साहेबांनी तिला बोलावलं. साहेब उदगीरकडचे, आकड्यांचे भक्त, आणि एरवी शांत. रागावले की कन्नडमध्ये शिरायचे.

"पाईकराव, हे 'इतर' काय प्रकरण आहे? निम्म्याच्या वर नोंदी 'इतर'. यादी चुकली का माणसं चुकली?"

"पुढे लिहायला जागा दिलीय, सर."

"काय लिहितात?"

बुद्धप्रियाने स्क्रीन फिरवून दाखवली. बहुतेकांनी चौकटीत एक टिंब दिलं होतं, कारण चौकट रिकामी ठेवली तर फॉर्म पुढे जात नव्हता. काहींनी "हो" लिहिलं होतं. एकाने "बघून घ्या". एकाने "रामराम म्याडम".

"बेडा," साहेब म्हणाले. म्हणजे नको. "काढून टाका. ज्याला कारण सांगता येत नाही त्याने माल परत पाठवू नये. सोपं आहे."

ते सोपं होतंच, शिवाय पटण्यासारखंही होतं. "इतर"च्या नऊशेच्या वर नोंदी होत्या. बुद्धप्रियाने त्यातल्या पहिल्या दोनशे वाचल्या, टिंबं मोजून कंटाळली, आणि पाचवी ओळ काढली. पुढच्या हंगामात "इतर" शून्यावर आलं. आलेख इतका स्वच्छ दिसू लागला की साहेबांनी तो आपल्या केबिनमधल्या टीव्हीवर कायमचा लावून घेतला. चांगला डेपो हिरवा, वाईट डेपो लाल. पाहुण्यांना चहा येईपर्यंत बघायला बरं.

आणखी एक हंगाम गेला. या मे महिन्यात, मृग पंधरा-वीस दिवसांवर आला असताना, कंधार लाल झालं. तिथून दोन हंगामांत चौदा लॉट "फाटलेली पोती" म्हणून परत आले होते. बाकीच्या अकरा डेपोंतून या कारणाखाली मिळून पाच. पोती फाटतात म्हणजे हाताळणी वाईट. हाताळणी वाईट म्हणजे कीपर वाईट. ठराव तयार झाला: कंधारचा डेपो नांदेडच्या डेपोत विलीन करावा, आणि कीपर शेख पाशामियाँ यांचा करार, जो दर वर्षी एकतीस मेला संपतो आणि एकोणीस वर्षं दर एक जूनला नवा होतो, तो या वेळी नवा करू नये. बैठक शनिवारी.

मंगळवारी साहेब बुद्धप्रियाला म्हणाले, "स्क्रीन तुमची आहे, तुम्हीच जाऊन या. फाटलेल्या पोत्यांचे फोटो आणा. उद्या कुणी म्हणायला नको की टीव्ही बघून माणूस काढला."

बुधवारी सकाळी तिने नांदेडची बस धरली, लोह्याला उतरून कंधारची. डेपोच्या दारात भुजंग नावाचा हमाल विडी विझवत होता.

"तुमीच का त्या म्याडम?"

"कोणत्या?"

"ज्यांच्या टीव्हीत आमी लाल हाव."

आतून आवाज आला, "भुजंग, आल्या माणसाला आधी पाणी इचारावं. टीव्हीचं मागून."

पाशामियाँ अठ्ठावन्न वर्षांचे, कातरलेली पांढरी दाढी, खिशाला दोन पेनं. त्यांनी खुर्ची पुसून दिली आणि स्वतः पोत्यांच्या थप्पीला टेकून उभे राहिले. बुद्धप्रियाने सवयीने थप्पी मोजली. सात पोत्यांची उंची. कंपनीच्या नियमात आठच्या वर जायचं नाही असं लिहिलेलं आहे. लातूरच्या मुख्य गोदामात ती रोज बारा-बाराच्या थप्प्यांमधून जेवायला जायची.

"चाचा, फाटलेली पोती बघायची होती. फोटो न्यायचेत."

"न्हाईत."

"सगळी परत गेली?"

"फाटलीच न्हाईत, बेटा." ते शांतपणे म्हणाले, जणू डेपोत आज चहा नाही असं सांगावं. "एकोनीस वर्सांत माझ्या हातानं दोन पोती फाटली. त्यातलं येक या भुजंगाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. त्याचं ध्यान न्हवतं."

"आजबी न्हाई," भुजंग म्हणाला.

बुद्धप्रियाने टॅबवर चौदा नोंदी उघडून दाखवल्या. पाशामियाँनी चष्मा लावून सगळ्या वाचल्या, मान डोलावली, आणि तिला शेडच्या मागच्या बाजूला नेलं. तिथे भिंतीच्या सावलीत ओल्या गोणपाटाच्या पाच गुंडाळ्या ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येकीला सुतळीने चिठ्ठी बांधलेली, तिच्यावर लॉटचा नंबर आणि उर्दूत तारीख.

"आमचे वालिद मोंढ्यात होते, बियाण्याच्या अडतीवर. त्यांचा दस्तूर हाय हा. पोत्यातून शंभर दाणे काढायचे, धा-धाच्या धा ओळी मांडायच्या, गुंडाळायचं, सकाळ-संध्याकाळ पानी मारायचं. पाचव्या दिवशी खोलायचं. सत्तरच्या वर कोंब आले तर माल काढायचा, न्हाई तर न्हाई." त्यांनी एक गुंडाळी तिच्यासमोर हलकेच सोडली. "मोजा तुमी. माझं डोळं गेलेत म्हनतील."

तिने उकिडवं बसून मोजलं. पांढरे, वाकडे, ओलसर कोंब. जिथे नव्हते तिथे दाणा फुगून मऊ झाला होता आणि बोट लावलं की फुटत होता. शंभरात त्रेपन्न.

"या लॉटला प्रयोगशाळेत चौऱ्याऐंशी आलाय, चाचा."

"आला आसंल की. खोटं कशाला सांगतील? पण ते फेब्रुवारीत, कारखान्यातल्या पोत्यातलं. मंग ते पोतं गाडीत चढलं, गोदामात उतरलं, थप्पीच्या तळाला दबलं, परत गाडीत चढलं. सोयाबीनची साल कागदावानी आसती. पोतं आदळलं तर वरून काही कळत न्हाई, आत दाणा मेलेला."

"वरून टाकलं की गाडी लवकर खाली हुती," भुजंगाने व्यवसायातली बाजू मांडली. "हितं चाचा टाकू देत न्हाईत. म्हनून हितं कोनी हमाल टिकत न्हाई. मी टिकलो, कामून की मला दुसरीकडं घेत न्हाईत."

"मग 'फाटलेली पोती' कामून लिहिलं?" बुद्धप्रियाने विचारलं. लातूरच्या ऑफिसात ती "का" म्हणते.

पाशामियाँनी बोटांवर मोजत हिशेब दिला. "भिजलेलं लिवलं तर लोक म्हनतील मियाँचं शेड गळतंय. उंदीर लिवलं तर मियाँ झोपा काढून राहिले. चुकून आला म्हनलं तर गाडीवाल्याची चूक, त्याचं पोरगं लहान हाय. फाटलं लिवलं की कुनावरच येत न्हाई. पोतंच हाय, फाटतंय."

"फोन करायचा ना."

"केला की. गोदामातून म्हनले, फोनवर सांगू नका, सिस्टीममदी टाका. पयले टाकत होतो, बेटा. ते 'इतर' व्हतं न्हवं? ते दाबून पुढं लिवायचो, शंभरात किती. मंग येक दिवस ते बटनच गायब. भुजंगाला म्हनलं, टॅब बिघडला."

"मी लई झटकून बगितला," भुजंग म्हणाला.

बुद्धप्रिया अजून उकिडवीच होती. "ते मी काढलं, चाचा."

पाशामियाँ गोणपाट परत गुंडाळू लागले. "आसंल काही कारण," ते म्हणाले.

"कारण कोनतं दाबलं म्हनं, म्याडम?" भुजंगाने विचारलं.

परतीच्या बसमध्ये तिला मामाची चार लग्नं आठवली. वॉर्डनबाईही आठवल्या, ज्यांचा तिने तेव्हा मनापासून द्वेष केला होता. त्या वाईट नव्हत्या. त्यांना फक्त वही स्वच्छ हवी होती.

गुरुवारी ती सकाळी सातला ऑफिसात जाऊन बसली. वेअरहाऊसचा एक गुण आहे: त्यातून काहीही आपोआप जात नाही. ओळ यादीतून काढली तरी जुन्या नोंदी तशाच राहतात. पहिल्या हंगामातल्या "इतर"च्या नऊशे नोंदींतल्या कंधारच्या तेवढ्या तिने काढल्या. नऊ होत्या. शंभरात ५५. शंभरात ६२. शंभरात ४८. तारखेसकट. तिने तेव्हा वाचलेल्या दोनशेमध्ये यांतली एकही नव्हती. पहिली दोनशे चौदाव्या नंबरवर होती.

मग तिने दुसरी क्वेरी लिहिली. कंधारहून परत आलेले हे तेवीस लॉट, पहिले नऊ आणि नंतरचे चौदा, पुढे कुठं गेले? आतापर्यंत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. साठ्याची नोंद एका टेबलात होती, तक्रारींची दुसऱ्यात, आणि दोन्ही टेबलांचे साहेब वेगळ्या मजल्यांवर बसत. उत्तर यायला तीन सेकंद लागले. मुख्य गोदामात पोती उघडून पाहिली होती, धडधाकट निघाली होती, आणि कंधारचा कीपर उगाच कटकट करतो असं समजून ती दुसऱ्या डेपोंना पाठवून दिली होती. बहुतेक शिरूर अनंतपाळला. तेवीसपैकी सतरा लॉटना "उगवण नाही" अशी तक्रार लागली होती. बाकीच्या मालात हे प्रमाण बारात एक. खुद्द कंधारमधून तीन हंगामांत मिळून तीन तक्रारी, म्हणजे बारा डेपोंत सगळ्यात कमी. ही गोष्ट कुठल्याच स्क्रीनवर नव्हती, कारण तक्रारींची संख्या कमी असल्याबद्दल कुठला रंग द्यायचा हे ठरलं नव्हतं.

सतराही तक्रारींपुढे निष्कर्षाच्या रकान्यात एकच वाक्य होतं: "पेरणी खोल झाली." त्या रकान्यालाही यादीच होती. ती बुद्धप्रियाने केली नव्हती, पण तिच्याआधी जो होता त्याचंही मन असंच स्वच्छतेचं असावं.

यादीतली शिरूरची एक तक्रार तिने उघडली आणि नंबर फिरवला. कावेरीबाई नावाच्या बाईंनी उचलला.

"गेल्या वर्षी तुम्ही तक्रार दिली होती. बियाणं उगवलं नाही म्हणून."

"आत्ता फोन केला व्हय? मी त्या जागी तूर लावून काढलीबी."

"आमच्याकडे लिहिलंय की पेरणी खोल झाली."

"कोन म्हनलं? एक पोरगं आलतं तुमचं, बूट घालून. बांधावर हुबं ऱ्हायलं, आत पाय घातला न्हाई, आन् म्हनलं मावशी तीन बोटाच्या खाली गेलं. म्हनलं, बाळा, तुझी तीन बोटं का माझी? चाळीस वर्सं पेरून राहिले मी. पण काय करावं, त्यानं लिवलं."

बुद्धप्रियाने फोन ठेवला. तिच्यापुढे तीन वाटा होत्या आणि तिसरी सगळ्यात सोपी होती. चौदा नोंदींमधलं कारण ती इथूनच बदलू शकत होती. एक ओळीची आज्ञा, आणि टीव्हीवर कंधार हिरवं. कुणाला कळलं नसतं, कारण असं काही झालं तर ते कळावं यासाठीची स्क्रीनही तिलाच करायची होती आणि ती अजून झाली नव्हती. पाशामियाँची नोकरी वाचली असती. दुसरी वाट गप्प बसायची. त्यात निदान तिने काही केलं असं झालं नसतं. दोन्हींत ते मेलेले दाणे शिरूरलाच गेले असते. पहिली वाट बैठकीत सगळं खरं सांगायची. तिच्यात मात्र तिला म्हणावं लागणार होतं की पाशामियाँनी खोटी नोंद केली. कंपनीच्या नियमात खोट्या नोंदीला करार तात्काळ रद्द आहे. म्हणजे त्यांना वाचवायचं तर आधी त्यांचा गुन्हा सिद्ध करायचा.

तिने संध्याकाळी कंधारला फोन लावून हे जसंच्या तसं सांगितलं.

"मंग लिवलंच हाय की मी," पाशामियाँ म्हणाले. "त्यात झाकायचं काय? सांगा. पण आकडेबी सांगा."

शनिवारची बैठक रेवणप्पा साहेबांच्या केबिनमध्ये झाली. प्रयोगशाळेचे प्रमुख होते, गोदामाचे होते, आणि टीव्ही होता. साहेबांनी विचारलं, "फोटो?"

"फोटो नाहीत, सर. पोती फाटलेली नाहीत."

"मग नोंदी?"

"खोट्या आहेत."

गोदामाचे प्रमुख खुर्चीत सैलावले. साहेबांनी ठरावाचा कागद पुढे ओढला. "म्हणजे दोन वर्षं हा माणूस कंपनीला खोटं लिहून देत होता. संपला विषय."

"त्याच्या आधी एक वर्ष खरं लिहीत होता, सर." तिने लॅपटॉप टीव्हीला जोडला. लाल-हिरवा आलेख गेला आणि त्या जागी नऊ ओळी आल्या. शंभरात ५५, शंभरात ६२, शंभरात ४८. त्यांच्यापुढे लॉट नंबर, तो पुढे कुठं गेला ते, आणि तक्रारीची तारीख. प्रत्येक ओळीत पाशामियाँची तारीख आधीची होती. मग खालचे चौदा. "खरं लिहायला जी जागा होती ती मी काढली. तुम्ही म्हणालात म्हणून, पण मलाही पटलं होतं म्हणून. मी नऊशेपैकी दोनशेच वाचल्या. त्यांनी उरलेल्या चार कारणांतलं असं निवडलं की कुणाचं नाव खराब होणार नाही."

"प्रयोगशाळेचा आकडा चुकीचा आहे असं तुमचं म्हणणं आहे का?" प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी विचारलं.

"नाही, सर. तो फेब्रुवारीतला आहे. दाणा जूनमध्ये पेरला जातो. मधे आपलं गोदाम आहे."

सैलावलेले प्रमुख सरळ बसले. ते म्हणाले की बाराच्या थप्प्या जागेअभावी लावाव्या लागतात आणि तसं त्यांनी लेखी कळवलेलं आहे. कुठं कळवलं, असं साहेबांनी विचारलं. ग्रुपवर, ते म्हणाले.

साहेबांनी टीव्हीवरच्या ओळी वरपासून खालपर्यंत वाचल्या. ते कन्नडमध्ये काहीच बोलले नाहीत, हे विशेष. त्यांना आकड्यांचं खरंच प्रेम होतं, आणि प्रेमात माणूस दुखावतो तसे ते दिसत होते. मग त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"या शिरूरच्या बाईला आपण काय कळवलं?"

"पेरणी खोल झाली."

"आणि नव्हती झाली."

"नाही, सर."

त्यांनी ठरावाचा कागद उलटा करून ठेवला. फाडला वगैरे नाही. मागची बाजू कोरी होती आणि तिच्यावर त्यांनी नवा मसुदा लिहायला घेतला. डेपो राहील. करार नवा होईल. खोट्या नोंदींबद्दल पाशामियाँना करार रद्द करण्याऐवजी लेखी समज दिली जाईल, कारण नियम अगदीच सोडता येत नाही. या हंगामासाठी निघालेल्या सगळ्या लॉटची पुन्हा तपासणी होईल. सतरा तक्रारींचा निष्कर्ष दुरुस्त होईल.

निष्कर्ष दुरुस्त झाला, पण तो शेतकऱ्याला कळवायची सोय फॉर्ममध्ये नव्हती. बुद्धप्रियाने सतरा फोन केले. कावेरीबाई म्हणाल्या, "मला ठाऊकच व्हतं की. तुमाला कळावं म्हनून मी फोन केलता."

लेखी समज कंधारला पोचली तेव्हा पाशामियाँनी ती दोनदा वाचली आणि पोच म्हणून सही केली. भुजंगाने विचारलं, काय लिवलंय? ते म्हणाले, "लिवलंय की मी खोटं लिवलं. खरं हाय." मग ते गोणपाटांना पाणी मारायला गेले. हे भुजंगानेच बुद्धप्रियाला फोनवर सांगितलं, न विचारता.

तिने बाबांनाही फोन केला. सगळं ऐकून धम्मानंद म्हणाले, त्यांच्या वहीतही एकदा "सर्व ठीक"च्या पुढे काहीतरी लिहायचं होतं, पण रकाना तेवढाच रुंद होता. काय लिहायचं होतं, ते त्यांना आता आठवत नव्हतं.

जूनच्या पहिल्या दिवशी परिपत्रक निघालं. विषय: डेपोस्तरीय उगवण पडताळणी व कारणनोंद सुधारणा, टप्पा एक. त्यात म्हटलं होतं की निर्णयप्रक्रिया अधिक समावेशक, प्रमाणित व पुराव्याधारित करण्याच्या उद्देशाने परतीच्या फॉर्ममध्ये पाचवा पर्याय "इतर" पुनःस्थापित करण्यात येत आहे. सर्व डेपो-कीपरांनी प्रत्येक लॉटची शंभर दाण्यांची गोणपाट-चाचणी करून, सत्तरच्या खाली आल्यास तो पर्याय निवडून, पुढील चौकटीत मिळालेला आकडा अनिवार्यपणे नोंदवावा. आणि या अभिनव साधनाच्या विकासाबद्दल कु. पाईकराव यांच्या फायलीत योग्य ती नोंद घेण्यात येत आहे. नोंद घेण्यात आली. शेरा: समाधानकारक.

पहिल्या आठवड्यात बाराही डेपोंतून "इतर" आलं. अकरा डेपोंनी चौकटीत एक टिंब दिलं होतं. कंधारहून आकडा होता: ५८.